धावत्या अक्षरांचा जुना बोर्ड पुन्हा पेटवताना

औषधांच्या दुकानावर, पतसंस्थेच्या दारावर, देवळाच्या मंडपात, क्लासच्या जिन्यापाशी लाल अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकवणारे एलईडी बोर्ड आपल्याकडे गावोगावी लागले. त्यांतले बरेच आज काळे पडून आहेत. एखाद्यावर मधला तुकडाच तेवढा पेटतो. एखाद्यावर कधीचीच दिवाळीची सवलत अजून फिरते आहे, कारण मजकूर बदलण्याचं सॉफ्टवेअर ज्या कॉम्प्युटरवर होतं तो मोडीत गेला आणि बोर्ड बसवून देणाऱ्याचा नंबर लागत नाही. मग कुणीतरी म्हणतं, काढून टाका, भंगारवाला घेऊन जाईल.

तो देऊ नका. बंद पडलेल्या बोर्डातले दिवे आणि ते पेटवणाऱ्या चिप बहुतेक वेळा शाबूत असतात. गेलेला असतो तो वीजपुरवठा, नाहीतर मजकूर साठवणारं छोटं कार्ड. वीजपुरवठा नवा मिळतो. कार्डाचं काम आर्डुइनो किंवा ईएसपी-३२ यांसारखा काही शे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर करू शकतो, आणि तो करताना बोर्डावर जोडाक्षरांसकट नीट मराठी आणता येतं. सोल्डरिंगची थोडी सवय, एक मल्टिमीटर आणि प्रोग्राम चढवण्यापुरती ओळख एवढं असलं तर हे घरच्या टेबलावर होण्यासारखं काम आहे.

बोर्ड खाली उतरवून मागचं झाकण उघडा. काहीही सुटं करण्याआधी प्रत्येक जोडणीचे फोटो काढून ठेवा. काळ्या प्लॅस्टिकच्या, ३२ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर उंच अशा पाट्या, म्हणजे पॅनेलं, एकमेकींना चिकटून बसवलेल्या दिसल्या, तर तो पी-१० प्रकारचा बोर्ड आहे. दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर असतं म्हणून पी-१०. एका पॅनेलवर ३२ उभे स्तंभ आणि १६ आडव्या ओळी, म्हणजे ५१२ दिवे. मागे १६ पिनांची दोन सॉकेट असतात, एक माहिती आत येण्याचं आणि एक पुढच्या पॅनेलकडे जाण्याचं. पाठीवर छापलेला बाण दिशा सांगतो. पॅनेलं एकमेकांना जोडणारी चपटी पट्टी म्हणजे एफआरसी केबल. एका टोकाला पत्र्याचा डबा असतो, तो ५ व्होल्टचा एसएमपीएस. आणि पहिल्या पॅनेलला खोचलेलं छोटं कार्ड हाच जुना नियंत्रक.

आधी एसएमपीएस. त्याचं झाकण उघडून आत हात घालू नका. २३० व्होल्टचा एसी आत डीसी झाला की कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट उभे राहतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच असतात. बाहेरून तपासा: भार जोडून ५ व्होल्टच्या टर्मिनलवर मीटर धरा. ४.८ ते ५.२ च्या दरम्यान स्थिर आकडा हवा. तो घसरत असेल, थरथरत असेल किंवा डब्यातून टिक-टिक ऐकू येत असेल, तर दुरुस्तीच्या नादी न लागता नवा आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत ५ व्होल्ट ४० अँपिअरचे डबे सहज मिळतात. नवा बसवताना अर्थिंगची वायर जोडाच. पत्र्याच्या चौकटीला ती नसेल तर पावसाळ्यात हाच बोर्ड जिवावर बेतू शकतो.

विजेचा हिशोब सोपा आहे. पी-१० पॅनेल एका क्षणी आपल्या दिव्यांपैकी चौथा भागच पेटवतं, म्हणजे १२८. प्रत्येकी सुमारे २० मिलिअँपिअर धरले तर अडीच अँपिअर होतात. थोडी मोकळीक ठेवून पॅनेलमागे तीन ते चार अँपिअर धरावेत. सगळे दिवे एकदम पेटतात ते चाचणीतच, मजकुराला त्याच्या अर्ध्याहूनही कमी लागतं. तरीही चाचणीत वायर तापू नये म्हणून दर तीन-चार पॅनेलांना दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची वेगळी जोडी एसएमपीएसपासून न्या. एकाच बारीक वायरीवरून पुढे-पुढे वीज नेली की शेवटची पॅनेलं फिकी पडतात आणि त्यांवर नको ते ठिपके चमकू लागतात. हा दोष पुष्कळदा प्रोग्रामचा समजून लोक रात्री घालवतात. आणि लाल-काळी वायर उलटी लागली तर पॅनेलवरच्या चिप त्याच क्षणी जातात, म्हणून वीज देण्याआधी प्रत्येक टर्मिनलवर मीटर लावून खात्री करा.

आता पॅनेल आतून कसं चालतं ते थोडं सावकाश पाहू, कारण हे एकदा कळलं की दुरुस्तीही कळते. मागच्या बाजूला ७४एचसी५९५ अशी अक्षरं असलेल्या चिप मोजा. साधारणपणे १६ भरतील. या चिपला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. बांधकामावर विटा जशा हातोहात पुढे जातात, तसा एकेक बिट घड्याळाच्या ठोक्यासरशी एका चिपमधून पुढच्या चिपमध्ये सरकतो. प्रत्येक चिपला आठ बाहेर जाणाऱ्या वाटा, सोळा चिपना मिळून १२८. सगळे बिट जागेवर पोचले की ‘लॅच’ नावाच्या तारेवर एक इशारा जातो आणि ते एकदम दिव्यांपर्यंत पोचतात. मग ए आणि बी या दोन तारा कोणता ओळींचा गट पेटवायचा ते ठरवतात. दोन तारांवर चार शक्यता, म्हणून चार गट. पहिल्या गटात १, ५, ९ आणि १३ व्या ओळी, दुसऱ्यात २, ६, १०, १४, याप्रमाणे. हे चार गट इतक्या भराभर आळीपाळीने पेटतात की डोळ्याला अखंड चित्र दिसतं.

म्हणून बिघाडाचा आकार पाहा. आठ स्तंभ रुंद आणि चार ओळी उंच असा ठोकळा अंधारात असेल किंवा कायम पेटलेला असेल, तर त्या जागेची एक ७४एचसी५९५ गेली आहे. तिच्यापासून पुढचं सगळंच बिघडलं असेल, तर त्या चिपमधून माहिती पुढे सरकत नाहीये. प्रत्येक चौथी ओळ काळी असेल, तर ओळींना वीज देणारी ४९५३ ही छोटी चिप तपासा. चारही गटांत एकच चित्र दिसत असेल किंवा ओळी एकमेकींवर चढल्या असतील, तर ए किंवा बी तार तुटली आहे, किंवा त्यांचा अर्थ लावणारी ७४एचसी१३८ गेली आहे. एखादाच ठिपका काळा असेल तर तो दिवा गेला. त्याच्यासाठी पुढचं सिलिकॉन खरवडत बसू नये, दहा मीटरवरून तो कुणाला दिसत नाही. चिप बदलायला घरी हॉट एअर नसेल तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जा. तिथे हे काम रोजचं असतं. पूर्ण निकामी झालेलं एखादं पॅनेल फेकू नका, त्याच्यावरच्या चिप बाकीच्यांना कामी येतात.

मात्र चिपवर संशय घेण्याआधी केबल आणि सॉकेट पाहा. पावसाळे काढलेल्या बोर्डांत पिनांवर हिरवट गंज चढलेला असतो. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना स्वच्छ करा, एफआरसी केबल नव्या करा, पॅनेल दिवसभर सावलीत कोरडं होऊ द्या. निम्मे बोर्ड एवढ्यावरच सावरतात, असा माझा अनुभव आहे.

पहिली चाचणी आर्डुइनो उनोवर घ्या. त्याचे सिग्नल पॅनेलप्रमाणेच ५ व्होल्टचे असतात, त्यामुळे मध्ये काही लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीट्रॉनिक्स या कंपनीने अशा पॅनेलांसाठी ‘डीएमडी’ नावाची लायब्ररी सर्वांना खुली करून दिली. तिच्या नेहमीच्या मांडणीत जोडणी अशी होते: ओई, म्हणजे दिवे चालू-बंद करणारी तार, उनोच्या ९ क्रमांकाच्या पिनला, ए ६ ला, बी ७ ला, लॅच ८ ला, माहितीची तार ११ ला आणि क्लॉक १३ ला. पॅनेलच्या सॉकेटवर पहिली पिन ओई, दुसरी ए, चौथी बी, आठवी क्लॉक, दहावी लॅच आणि बारावी लाल रंगाची माहिती. तीनपासून पंधरापर्यंतच्या विषम क्रमांकाच्या पिना ग्राउंड. उनोचं ग्राउंड आणि एसएमपीएसचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं असायलाच हवं. पॅनेलला उनोच्या यूएसबीमधून वीज देऊ नका, तिथे मिळतो तो अर्धा अँपिअर. कार्डापासून पहिल्या पॅनेलपर्यंतच्या तारा एका फुटाच्या आत ठेवा.

लायब्ररीसोबत येणारं उदाहरण चढवलं की इंग्रजी मजकूर धावू लागेल. त्यात टायमरचा आकडा ५००० मायक्रोसेकंद असतो, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांनी पुढचा गट पेटतो आणि सेकंदाला पूर्ण चित्र ५० वेळा. हा आकडा वाढवलात तर लुकलुक डोळ्याला जाणवते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात त्याची काळजी करू नका, तो ओळी आळीपाळीने पेटण्याचाच परिणाम आहे. उनोची स्मरणशक्ती २ किलोबाइटच आहे, पण एका पॅनेलचं चित्र ६४ बाइटमध्ये मावतं. आठ पॅनेलांचा बोर्डही त्याला पेलतो.

मराठी मात्र उनोवर ओढाताणीने होतं, आणि या सगळ्या खटाटोपाचं कारण तर तेच आहे. देवनागरी अक्षरं रांगेने ठेवून शब्द होत नाही. ‘दिवा’ हा शब्द साठवला जातो तो द, मग ऱ्हस्व वेलांटी, मग व, मग काना या क्रमाने. पण वेलांटी दिसायला हवी द च्या आधी. ‘क्ष’ साठवताना क, पाय मोडण्याचं चिन्ह आणि ष अशी तीन चिन्हं होतात. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ही मांडणी आपले फोन आणि कॉम्प्युटर आपोआप करतात. आठ-बिटी मायक्रोकंट्रोलरला हे सारं शिकवण्यात शक्ती घालवू नये. बोर्डाला लिपी कळण्याची गरजच नाही, त्याला ठिपके कळले की पुरे. मांडणी फोनकडून करून घ्यावी आणि बोर्डाला तयार चित्र द्यावं.

यासाठी ईएसपी-३२ घ्या. त्यात वाय-फाय आहे आणि ५२० किलोबाइटची स्मरणशक्ती. डीएमडीच्या धर्तीवर त्याच्यासाठी ‘डीएमडी-३२’ ही लायब्ररीही मिळते. ईएसपी-३२ ने स्वतःचंच वाय-फाय सुरू करायचं, म्हणजे इंटरनेटची गरज राहत नाही. फोन त्याला जोडला की ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ हा पत्ता टाकायचा आणि ईएसपी-३२ मध्येच साठवलेलं एक पान उघडायचं. पानावर मजकुराची चौकट. तिच्यात मराठी टाइप केलं की ब्राउझरने तो मजकूर १६ ठिपके उंचीच्या कॅनव्हासवर रेखाटायचा. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार सगळं फोनच्या फॉन्टने तिथे नीट बसवलेलं असतं. मग त्या चित्रातला प्रत्येक ठिपका तपासायचा: ठरावीक गडदपणाच्या वर असेल तर एक, नाहीतर शून्य. एका स्तंभाचे १६ ठिपके म्हणजे २ बाइट. सहाशे स्तंभांचा चांगला लांबलचक मजकूर १,२०० बाइटमध्ये बसतो. तेवढे बाइट ईएसपी-३२ कडे पाठवले की तो ते फ्लॅशमध्ये जपून ठेवतो आणि वीज जाऊन आली तरी तोच मजकूर पुन्हा धावू लागतो.

या पानावर आणखी एक सोय करा, अशी माझी कळकळीची सूचना आहे. चित्र मोठं करून दाखवा आणि बोटाने टिचकी मारून एकेक ठिपका चालू-बंद करता येऊ द्या. सोळा ओळींत देवनागरी बसते, पण दाटीवाटीने. मी अशी वाटणी करतो: वरच्या चार ओळी मात्रा, अनुस्वार, रफार आणि वेलांटीच्या कमानीला, एक ओळ शिरोरेषेला, आठ ओळी अक्षराच्या अंगाला, खालच्या तीन उकारांना. फॉन्ट ठळक नको. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांची मध्यम जाडी चालते. तरीही ‘ष’ आणि ‘क्ष’ यांचं पोट भरून येतं, ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे दिसू लागतात. तिथे एखादा ठिपका विझवला की अक्षर मोकळं होतं. ‘चिठ्ठी’, ‘पट्टी’ यांसारख्या शब्दांत एकाखाली एक येणारी जोडणी आठ ओळींत मावत नाही. पहिल्या अक्षराचा पाय मोडून दोन्ही शेजारी ठेवणं बरं. दोन पॅनेलं एकावर एक बसवून ३२ ओळी करता आल्या तर ही कसरत संपते. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या बोर्डासाठी मी तेच सुचवेन. मुलं जे अक्षर रोज येता-जाता वाचणार, ते मोडकं असू नये.

ईएसपी-३२ वापरताना दोन गोष्टी सांभाळा. त्याचे सिग्नल ३.३ व्होल्टचे. पॅनेलच्या तोंडाशी असलेल्या ७४एचसी२४५ चिपला ५ व्होल्टवर चालताना ‘एक’ ओळखायला नियमाप्रमाणे ३.५ व्होल्ट हवेत. काही पॅनेलं तरीही चालतात, काहींवर भलतेच ठिपके नाचतात. मध्ये ७४एचसीटी२४५ ही चिप ५ व्होल्टवर चालवून बसवा. नावातलं ‘टी’ महत्त्वाचं आहे, कारण या जातीला दोन व्होल्ट पुरतात. दुसरी गोष्ट वाय-फायच्या पासवर्डची. उदाहरणातला पासवर्ड तसाच ठेवला तर रस्त्यावरून जाणारा कुणीही तुमच्या दुकानावर काहीही लिहू शकेल. तो बदला. आणि फोनवर पान उघडत नसेल तर मोबाइल डेटा बंद करून पाहा; इंटरनेट नसलेलं वाय-फाय दिसलं की बरेच फोन गुपचूप डेटाकडे वळतात.

पी-१० च्याही आधीचा बोर्ड हाती आला तर काम अधिक रंगतं. सुटे गोल दिवे हाताने सोल्डर केलेले, सात किंवा आठ ओळी, मधोमध ८९एस५२ सारखा ४० पिनांचा मायक्रोकंट्रोलर, मजकूर टाकायला कीबोर्डचं गोल सॉकेट. याचा नकाशा कुठेही मिळत नाही, तो आपणच काढायचा. जुना मायक्रोकंट्रोलर सॉकेटमधून उपटून बाजूला ठेवा. बोर्डावर ७४एचसी५९५ दिसली तर तिची १४ वी पिन माहिती, ११ वी क्लॉक, १२ वी लॅच, १३ वी ओई, १६ वी ५ व्होल्ट आणि ८ वी ग्राउंड. मल्टिमीटर बीपवर लावून या पिना रिकाम्या सॉकेटच्या कोणत्या भोकांशी जोडल्या आहेत ते शोधा आणि कागदावर मांडा. ओळी चालवणारी चिप बहुधा यूएलएन२८०३ किंवा ट्रान्झिस्टरची रांग असते. मग एका वेळी एकच बिट सोडणारा प्रोग्राम लिहा, कुठला दिवा पेटला ते पाहा आणि आलेखाच्या कागदावर त्या चौकोनात क्रमांक लिहीत जा. हे चिकाटीचं काम आहे, पण कागद भरत आला की बोर्डाची रचना आपोआप उलगडते.

इथे एक धोका आहे. अशा बोर्डांत ओळी आळीपाळीने पेटतात हे गृहीत धरून दिव्यांना ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रवाह दिलेला असतो. एक-अष्टमांश वेळच पेटायचं म्हणून ते टिकतात. प्रोग्राम मध्येच अडकला आणि एकच ओळ पेटलेली राहिली, तर त्या ओळीतले दिवे काही क्षणांत जळू शकतात. म्हणून नकाशा काढताना दिव्यांचा पुरवठा ५ ऐवजी ३ व्होल्टच्या आसपास ठेवा किंवा प्रवाहाला मर्यादा घालणारा बेंच सप्लाय वापरा. ओईच्या तारेला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून ती ५ व्होल्टकडे ओढून ठेवा, म्हणजे मायक्रोकंट्रोलर जागा नसताना दिवे बंद राहतील. आणि कायमच्या प्रोग्राममध्ये वॉचडॉग, म्हणजे अडकलेला प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय, चालू ठेवा. सात ओळींत देवनागरी बसत नाही, तेव्हा अशा बोर्डावर आकडे दाखवा: वेळ, तापमान, टोकन क्रमांक, टाकीतली पाण्याची पातळी. वेळेसाठी डीएस३२३१ चं घड्याळ जोडा, ते वर्षाला एखाद-दुसऱ्या मिनिटापेक्षा चुकत नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, बाजारात पी-१० साठी तयार वाय-फाय कार्डं मिळतात, मग हा उद्योग कशाला? फक्त जाहिरात फिरवायची असेल तर खरंच तयार कार्ड घ्या. ते स्वस्त आहे आणि फोनच्या ॲपवरून चालतं. स्वतःचा मायक्रोकंट्रोलर तेव्हा लावावा, जेव्हा बोर्डाने परिस्थिती पाहून स्वतः काही सांगावं असं वाटतं: वाचनालय उघडं आहे की बंद, दूध संकलनाची गाडी आली का, आज पाणी किती वाजता सुटणार. पाणी सोडणाऱ्याने फोनवरून एक ओळ बदलली आणि चौकातल्या बोर्डावर ती लगेच दिसली, तर त्या बोर्डाची किंमत गावाला कळते.

पुन्हा टांगण्याआधी उजेड ठरवा. ओईच्या तारेवर पल्सची रुंदी कमी-जास्त केली की प्रकाश कमी-जास्त होतो. दुपारच्या उन्हात पूर्ण ताकद हवी, रात्री त्याच्या दहाव्या भागात भागतं. समोरच्या घरातल्या माणसाला झोप लागली पाहिजे आणि वळणावरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपता कामा नयेत, म्हणून प्रकाश मोजणारा एलडीआर लावून हे आपोआप होऊ द्या. वेग ठरवताना रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वाचून पाहा. तुम्हाला मजकूर पाठ असतो, म्हणून दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा. चौकटीच्या वरच्या फटी सिलिकॉनने बुजवा, पण खालच्या दोन भोकांना हात लावू नका, आत जमलेला दमटपणा तिथूनच बाहेर पडतो. आणि जोडणीचा नकाशा, प्रोग्रामची प्रत असलेलं मेमरी कार्ड आणि वाय-फायचा पासवर्ड हे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे पाच वर्षांनी हा बोर्ड उघडणाऱ्याला तुमचा नंबर शोधावा लागणार नाही.